जुन्या पेट्रोल जीपला कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे महिंद्राची सीजे-३बी आहे. उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी, मूळच्या हरिकेन इंजिनाची. तिचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उतरवून त्याच जागी इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी बसवली, तेव्हापासून पेट्रोल पंपावर, घाटातल्या टपरीवर, कुठेही बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात आणि तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं जीपची आहेत, पण फियाट, अॅम्बेसेडरवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

हे दिसतं तर कार्बोरेटरसारखंच. मग वेगळं काय आहे?

मुद्दाम तसं दिसतं. कार्बोरेटर ज्या स्टडवर बसतो त्याच स्टडवर ही बॉडी बसते. अॅक्सिलरेटरचा रॉड तोच, वर एअर क्लीनरचा पाइपही तोच. फुलपाखरी झडपसुद्धा तशीच. आत मात्र फ्लोट नाही, निडल नाही, पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक म्हणजे जेट नाही. झडपेच्या वर एक किंवा दोन इंजेक्टर असतात आणि ते दाबाखालचं पेट्रोल फवारतात. किती फवारायचं हे कंट्रोलर ठरवतो, म्हणजे ज्याला आपण ईसीयू म्हणतो तो. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपातला दाब, झडप किती उघडली, पाण्याचं आणि हवेचं तापमान, इंजिनाचे फेरे एवढं तो सतत वाचतो. सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर असतो. पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं, ते तो मागून सांगतो आणि कंट्रोलर पुढचा हिशेब सुधारतो. 'स्वतः शिकणारं इंजेक्शन' म्हणतात ते हेच.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९५८ साली क्रायस्लरने अमेरिकेत आपल्या काही गाड्यांना बेंडिक्स कंपनीचं 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन दिलं होतं. जेमतेम पस्तीसेक गाड्यांना ते बसलं. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग टिकेनात, म्हणून बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावून द्यावे लागले. पुढे बॉशने ती पेटंटं घेतली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत डी-जेट्रॉनिक नावाचं इंजेक्शन आणलं. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर बसवण्याची पद्धत जनरल मोटर्सने १९८०च्या दशकात लाखो गाड्यांत वापरली. आज बाजारात मिळणारे हॉली स्नायपर, फायटेक यांसारखे तयार संच त्याच वाटेवरचे आहेत.

करायचंच आहे तर प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर का नको?

ज्या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा निघतो तिथे तसं करता येतं, आणि ते जास्त चांगलंही असतं. आमच्या जीपला ती सोय नाही. हरिकेन इंजिन 'एफ-हेड' जातीचं आहे, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्या उंच हेडसाठीच १९५३ मध्ये जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीने, विलिसने, बॉनेट वर उचललं, आणि सीजे-३बीचा तो ओळखीचा चेहरा तयार झाला. इनटेकचा मार्ग या इंजिनात हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. इंजेक्टरसाठी भोकं पाडायची तर ती हेडलाच पाडावी लागतील. असलं हेड आता सहज मिळत नाही. त्याला ड्रिल लावायला माझा हात तयार झाला नाही आणि तुम्हीही लावू नका. या इंजिनाला कार्बोरेटरच्या जागेवरचं इंजेक्शनच योग्य.

माझी गाडी मिसिंग करते, सकाळी सुरू होत नाही, धूर देते. इंजेक्शन लावलं की सुधारेल ना?

सुधारणार नाही, उलट बिघडेल. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्बोरेटर दुखणं झाकतो. मॅनिफोल्डचं पॅकिंग कुठेतरी हवा खेचत असलं तर मेस्त्री स्लोचा (गाडी उभी असतानाच्या संथ चालीचा) स्क्रू अर्धा फेरा फिरवतो आणि गाडी तशीच वर्षानुवर्षं चालते. इंजेक्शनचा कंट्रोलर मोजून वागतो. हवा कुठून येते हे त्याला कळत नाही, फक्त जास्त हवा आली एवढंच दिसतं. मग तो पेट्रोल वाढवत राहतो आणि चुकीचं शिकतो. एका सिलिंडरचा प्लग पेटत नसेल तर त्याचा ऑक्सिजन न जळता सायलेन्सरमध्ये जातो. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कंट्रोलर बाकीच्या तिन्ही सिलिंडरनाही पेट्रोलमध्ये बुडवतो.

म्हणून एक रुपयाचंही सामान घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा. टॅपेट सेट करा. डेल्कोचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा, शाफ्ट हातात धरून हलवा. तो डुगडुगत असेल तर टायमिंग दर फेऱ्याला वेगळं पडतंय, आणि त्याला कुठलाही कंप्यूटर उपाय करू शकत नाही. शाफ्टचा बुश बदला. इनटेकच्या जोडांवर इंजिन चालू असताना कार्ब क्लीनर फवारून बघा, पण इंजिन थंड असतानाच आणि ठिणगीपासून लांब. आवाज बदलला की तिथून हवा जाते. इतकं केल्यावर निम्म्या लोकांना त्यांचा जुना कार्बोरेटरच आवडायला लागतो. तसं झालं तर थांबा, ते पैसे टायरला घाला.

अमेरिकन तयार संच मागवावा का?

मोठं व्ही-८ असेल, मुंबईतली एखादी जुनी शेव्हरले किंवा डॉज असेल, तर जरूर. हे संच त्यांच्यासाठीच बनतात. किंमत हजार डॉलरच्या पुढे आणि वर कस्टम ड्युटी, पण बसवायला सोपे. आपल्या चार सिलिंडरच्या इंजिनांना मात्र चार बॅरलचा (चार तोंडांचा) संच लावू नका. कारण साधं गणिताचं आहे.

हरिकेन इंजिन २,१९९ सीसीचं, ताकद सुमारे ७२ अश्वशक्ती. पूर्ण रेसवर त्याला मिनिटाला साधारण ३६५ सीसी पेट्रोल लागतं. इंजेक्टर सतत उघडा राहू नये म्हणून थोडी मोकळीक ठेवली की ४६०-४७० सीसी क्षमता पुरते. मोठ्या संचात प्रत्येकी मिनिटाला हजार सीसीच्या आसपासचे चार इंजेक्टर असतात, म्हणजे नऊपट. आता स्लोवर बघा. जीप स्लोवर मिनिटाला वीसेक सीसी पेट्रोल पिते. ६०० फेऱ्यांना सेकंदाला वीस वेळा फवारायचं तर योग्य मापाचा इंजेक्टर दर वेळी दोन मिलिसेकंद उघडतो. ते त्याला जमतं. मोठे चारही एकदम उघडले तर त्यांच्या वाट्याला जेमतेम पाव मिलिसेकंद येतो, आणि एवढ्या वेळात इंजेक्टरची सुई नीट उचललीही जात नाही. गाडी स्लोला कधीच स्थिर राहणार नाही. फियाटचं १,०८९ सीसीचं इंजिन तर याच्याही जवळपास निम्मं.

मी ४० मिलिमीटरच्या एका बोअरची थ्रॉटल बॉडी घेतली, लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा अडॅप्टर करून त्यात एकच इंजेक्टर बसवला आणि कंट्रोलर म्हणून मायक्रोस्क्वर्ट वापरला. स्पीडुइनो या दुसऱ्या कंट्रोलरवरही हे होतं. तयार संचासारखं हे आपोआप शिकत नाही, शेजारी लॅपटॉप उघडून कुणीतरी बसावं लागतं. खर्च कमी, मेहनत जास्त.

पेट्रोलची लाइन जुनीच चालेल का?

अजिबात नाही. आणि इथे काटकसर करणाऱ्या माणसाशी मी वाद घालतो, कारण सीजे-३बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तुम्ही अक्षरशः तिच्यावर बसलेले असता.

इंजिनावरचा जुना एसी पंप (इंजिनाच्या फेऱ्यावर चालणारा पेट्रोलचा पंप) तीन-पाच पीएसआय दाब देतो. इंजेक्शनला बहुतेक ठिकाणी ४३ ते ५८ पीएसआय लागतो. कार्बोरेटरची रबरी नळी या दाबाला फुगते, आणि एक दिवस गरम एक्झॉस्टवर फुटते. इंजेक्शनसाठीची, एसएई ३०-आर-९ छापलेली नळीच घ्या. क्लॅम्प गोल कडांचे आणि पूर्ण वेढणारे घ्या, दात पाडलेले स्वस्त क्लॅम्प नळी कापतात. जमेल तिथे स्टीलची लाइन टाका.

इलेक्ट्रिक पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. म्हणून तो टाकीजवळ, टाकीच्या पातळीखाली, चासीच्या आतल्या अंगाला, दगड लागणार नाही असा बसवा. पंपाआधी १०० मायक्रॉनचा जाड फिल्टर, पंपानंतर १० मायक्रॉनचा बारीक. आपल्या पावसाळ्यात जुन्या टाक्या आतून गंजलेल्या असतात. पहिल्या महिन्यात बारीक फिल्टर दोनदा बदलावा लागेल हे गृहीत धरा. टाकी उतरवून आधी धुतली तर फारच उत्तम.

रिटर्न लाइन ठेवा. उरलेलं पेट्रोल फिरून टाकीत गेलं की लाइन थंड राहते आणि हवा आपोआप निघून जाते. जुन्या टाकीत आडपडदे नसतात. टाकी पाव राहिली की चढावर पेट्रोल मागे जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. कार्बोरेटरला हे समजत नसे, कारण त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये साठा असायचा. इंजेक्शन त्याच क्षणी झटका देतं. मी लिटरभराची, कायम भरलेली राहणारी छोटी सर्ज टाकी मध्ये लावली आणि तो त्रास गेला.

पंपाला रिले आणि फ्यूज हवाच. इंजिन बंद पडलं की कंट्रोलरने पंप तोडला पाहिजे. शिवाय गाडी धडकली तर पंप तोडणारा इनर्शिया स्विच लावा आणि हाताशी येईल असा आग विझवण्याचा सिलिंडर ठेवा. या दोन गोष्टींवर मी सूट देत नाही.

वायरिंगमध्ये काय बदलावं लागतं?

गाडी सहा व्होल्टची असेल तर आधी बारा करा. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तोही बदलावा लागतो. डायनामो असेल तर अल्टरनेटर लावा. पंप, कंट्रोलर आणि सेन्सरचा हीटर मिळून दहा-बारा अँपिअर सतत ओढतात, आणि स्लोवर डायनामो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. सिग्नलवर दोनदा थांबलात, रात्री दिवे लावले, की व्होल्टेज खाली आणि गाडी बंद.

कंट्रोलरच्या मुख्य दोन वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या. इंजिन ते बॉडी आणि इंजिन ते चासी अशा जाड अर्थ पट्ट्या टाका.

आता माझाच अनुभव. सगळं जोडलं, इंजिन सुरू झालं, पण स्क्रीनवर फेऱ्यांचा आकडा ८०० वरून ३,४०० वर आणि परत खाली असा उड्या मारत होता. इंजिन तर शांत स्लोला. कंट्रोलर खरंच ३,४०० समजून पेट्रोल ओतत होता आणि प्लग काळे होत होते. दोन रविवार मी जोडणी तपासत बसलो. शेवटी सापडलं ते प्लगच्या वायरींमध्ये: जुन्या, आत साधी तांब्याची तार असलेल्या. अशी तार रेडिओ प्रक्षेपण केंद्रासारखी वागते. रोधक असलेल्या वायरी आणि रेझिस्टर प्लग लावले, सिग्नलची वायर कॉइलपासून वीतभर लांब नेली. आकडा ७९० ते ८१० मध्ये स्थिर झाला. डेल्कोतले ठिणगीचे सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप लावला तर आणखी बरं. पॉइंट खराब होत जातात तसा सिग्नलही खराब होत जातो.

ऑक्सिजन सेन्सर कुठे बसवायचा?

मॅनिफोल्डनंतर, जिथे चारही सिलिंडरचा धूर एकत्र येतो तिथे. पाइपाला १८ मिलिमीटरचा नट वेल्ड करून. सेन्सरचं तोंड आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश वर असू द्या, नाहीतर सकाळचं साचलेलं पाणी त्यात शिरून आतली तापलेली सिरॅमिक फुटते. सेन्सर पाइपात बसवून त्याची वीज मात्र जोडली नाही, असं करू नका. काजळी धरून तो मरतो.

सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको. थंड इंजिनाला मॅनिफोल्डपाशी बारीक टिक-टिक ऐकू येत असेल तर तिथलं पॅकिंग गेलं आहे. तिथून दर झटक्याला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि वाचन खोटं येतं. अगरबत्ती पेटवून जोडाजवळ धरा, धूर कुठे हलतो ते लगेच दिसतं.

मेस्त्रीने थर्मोस्टॅट कधीच काढून टाकलाय. चालेल का?

परत लावा. आपल्याकडे 'गाडी तापते' म्हटलं की पहिला बळी थर्मोस्टॅटचा जातो. कार्बोरेटरवर ते खपून जातं. इंजेक्शनमध्ये मात्र पाणी ठरावीक तापमानाला, बहुधा सत्तर अंशांच्या आसपास, पोचेपर्यंत कंट्रोलर इंजिनाला थंडच समजतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक चोक ओढलेला राहतो आणि शिकणं सुरूच होत नाही. सातारा-कराड महामार्गावर हिवाळ्यात थर्मोस्टॅटशिवायची जीप साठ अंशांच्या वर जात नाही. 'इंजेक्शन लावून पेट्रोल जास्त जातंय' म्हणत माझ्याकडे आलेल्या दोन गाड्यांत एवढाच दोष होता. रेडिएटर साफ करा, पंख्याचा पट्टा बघा, थर्मोस्टॅट ठेवा.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काय करायचं?

किल्ली लावा, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबेल. तेवढ्या वेळात सगळे जोड हाताने चाचपून बघा. ओल लागली तर पुढे जाऊ नका. मग सेल्फ मारा. इंजिन पूर्ण तापू द्या आणि नंतरच स्लोचा स्क्रू लावा. सकाळचा उत्साह आवरा आणि पहिले पन्नास किलोमीटर सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने चालवा. चाळीसवर थोडा वेळ, मग पन्नासवर, मग टॉप गिअरमध्ये ओढायला लावून. स्वतः शिकणारा कंट्रोलर आपल्या तक्त्यातला प्रत्येक वेगाचा आणि भाराचा एकेक चौकोन भरत जातो, आणि धरसोड केली तर चौकोन अर्धवट राहतात. हवा-पेट्रोलचं प्रमाण स्लोवर तेरा-साडेतेरा, सरळ रस्त्यावर साडेचौदाच्या आसपास आणि पूर्ण रेसवर साडेबारा ठेवा.

घाटात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्यासाठी सगळं काम त्यासाठीच होतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण पंधरा टक्के कमी असतो. खाली लावलेले जेट तिथे जास्त पेट्रोल देतात, गाडी जड होते, प्लग काळे पडतात. इंजेक्शन दाब मोजत असल्यामुळे तसं करत नाही.

दुसरी गोष्ट मे महिन्याची. पसरणीच्या घाटात पाचगणीच्या अलीकडे थांबून एसी पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले आमच्या पिढीतले सगळे जीपवाले आहेत. पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसता हवा चावायचा. दाबाखालचं पेट्रोल त्या तापमानाला सहसा उकळत नाही, शिवाय रिटर्नने ते फिरत राहतं. इंजेक्शन लावल्यापासून ते फडकं फक्त काच पुसायला लागतं.

अॅव्हरेज किती वाढतं?

आधी कार्बोरेटर झिजलेला असेल तर बऱ्यापैकी, नीट असेल तर थोडंच. केवळ अॅव्हरेजसाठी करू नका, खर्च निघणार नाही.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हे चांगलं की वाईट?

दोन्ही. इथेनॉलला जळायला कमी हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी ई२० सुमारे आठ टक्के जास्त द्यावं लागतं. जुन्या जेटवर गाडी त्यामुळे कोरडी चालते, तापते, पिकअपला अडखळते. ऑक्सिजन सेन्सर असलेलं इंजेक्शन ही कसर स्वतः भरून काढतं. पण टाकीतला गंज सुटणं, जुनं रबर मऊ पडणं, गाडी दोन महिने उभी राहिली की पेट्रोलने ओल धरणं, हे काही थांबत नाही. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवून आणा.

रस्त्यात बंद पडली तर?

बॅटरी पूर्ण उतरली तर हँडल मारून किंवा धक्का देऊन गाडी सुरू होणार नाही. पंप आणि कंट्रोलरला वीज लागतेच. कार्बोरेटर जातो तेव्हा ही गोष्ट आपण खरोखर गमावतो, आणि ते आधीच मान्य करायला हवं. मी सोबत एक पंप, रिले, फ्यूज, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि वीतभर नळी ठेवतो. वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा प्लास्टिकमध्ये घालून डॅशखाली चिकटवलाय, म्हणजे अनोळखी गावातला इलेक्ट्रिशियनही हात घालू शकेल.

आरटीओचं काय?

इंधन पेट्रोलच राहतं आणि इंजिन नंबर तोच, त्यामुळे पुस्तकातल्या त्या नोंदी बदलत नाहीत. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते, आणि इंजिनातला फेरबदल त्यात बसत नाही. तुमची गाडी त्या वाटेवर असेल, किंवा रॅलीत अस्सलपणासाठी उभी राहणार असेल, तर तिला हात लावू नका. अशा गाडीचा कार्बोरेटर हा तिच्या किमतीचाच भाग आहे. विमा कंपनीला मात्र बदल लेखी कळवा.

काढलेला कार्बोरेटर विकून टाकू का?

कधीही नाही. अडॅप्टर असा करा की मूळच्या एकाही भागाला करवत लागणार नाही आणि एका दुपारी सगळं परत पहिल्यासारखं होईल. कार्बोरेटर पूर्ण रिकामा करा, वाळवा, हलकं तेल मारून तेलकागदात गुंडाळा. एसी पंप, चोकची केबल, रॉड, जुनं पॅकिंग, सगळं त्याच डब्यात. मी जेटचे नंबर आणि स्लोच्या स्क्रूचे फेरे एका पुठ्ठ्यावर लिहून आत ठेवलेत, 'दीड फेरा बाहेर, गाडी गरम असताना' असं. डबा वडिलांच्या जुन्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, आणि तो कुठे आहे हे मुलीलाही दाखवून ठेवलंय.